चार वर्षांचे खेळाडू, आयुष्यभराचे चाहते

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "अमेरिकेतले कॉलेज बास्केटबॉलपटू निवृत्त होतात तेव्हा त्यांचे चाहते काय बोलतात, यावर बोलतो." ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "काका, मला वाटलं तुम्ही सिंकिंग फंडावर बोलाल." आता पंचवीस वर्षांत बारा वर्षं मी आपला खजिनदार होतो, त्यामुळे तशी अपेक्षा असणं साहजिक आहे. पण सिंकिंग फंडावर मी सर्वसाधारण सभेत पुष्कळ बोललो आहे, आणि त्या वेळी किती जण जागे होते तेही मला ठाऊक आहे. म्हणून आज वेगळा विषय.

माझा मुलगा नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅरी नावाच्या गावी राहतो, हे आपणांस माहीत आहे. तिकडे मराठी माणसं पुष्कळ. आम्ही दोघं पहिल्यांदा जास्त दिवस राहायला गेलो ते २०१६ च्या मार्चमध्ये. तिथं उतरल्यावर आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की या भागात माणसाला जात, धर्म, पगार काही विचारत नाहीत. फक्त एवढंच विचारतात, की तू फिका निळा की गडद निळा? फिका निळा म्हणजे चॅपेल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. गडद निळा म्हणजे डरहॅमचं ड्यूक विद्यापीठ. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. म्हणजे आपल्याकडे डेक्कनहून निघून पिंपरीला पोचावं इतकंच. पण वैर असं, की एकाच घरात नवरा फिका आणि बायको गडद असेल तर त्या रात्री स्वयंपाक होत नाही. ड्यूकची मुलं या सामन्याच्या तिकिटासाठी स्टेडियमबाहेर भर थंडीत कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात. मी ते तंबू पाहिलेले नाहीत, फोटो पाहिले. आमच्या हिला दाखवले तर म्हणाली, "यांच्या आया काय करतात?"

आता थोडा हिशेब सांगतो, त्याशिवाय मला राहवणार नाही. अमेरिकेत वरच्या श्रेणीत खेळणारी साडेतीनशेच्या वर कॉलेजं. प्रत्येकाकडे त्या काळी शिष्यवृत्तीचे तेरा खेळाडू. म्हणजे साडेचार हजारांच्या वर मुलं. आणि व्यावसायिक एनबीएच्या निवडीत दरवर्षी जागा किती? साठ. त्यातही परदेशी खेळाडू आले. कॉलेजात खेळायला मिळतात साधारण चार वर्षं. म्हणजे बहुतेक मुलांची कारकीर्द बाविसाव्या वर्षी संपते. आपली नोकरी त्या वयात सुरू झाली होती!

मग प्रश्न असा, की चार वर्षं खेळलेल्या पोराला लोक चाळीस चाळीस वर्षं का लक्षात ठेवतात?

त्याचं उत्तर मला एका कटिंगच्या दुकानात मिळालं. मुलाच्या घराजवळ एक जुनं दुकान आहे. भिंतीवर संघांचे फोटो, कोपऱ्यात टीव्ही, आणि पाच-सहा म्हातारे कायम बसलेले. केस कापायचे नसले तरी बसलेले. आपल्या गेटजवळच्या बाकासारखंच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी सरकून मला जागा दिली. माझं इंग्रजी त्यांना कळत नव्हतं आणि त्यांचं मला, पण निवृत्त माणसाला निवृत्त माणूस ओळखू येतो.

त्याच वर्षी ४ एप्रिलला ह्यूस्टनला अंतिम सामना होता, कॅरोलायना विरुद्ध व्हिलानोव्हा. शेजारच्या घरी आम्हाला बोलावलं होतं. रात्रीचे साडेअकरा वाजत आलेले. कॅरोलायना तीन गुणांनी मागे. मार्कस पेज नावाचा त्यांचा गार्ड, शेवटच्या वर्षातला. अंगानं किरकोळ. त्यानं लांबून उडी मारली, समोरचा त्याच्यावर झेपावला, तर या पठ्ठ्यानं हवेतच चेंडू खाली घेतला, पुन्हा वर नेला आणि टाकला. आत! ७४-७४. घड्याळात ४.७ सेकंद. ते घर इतकं दणाणलं की आमची ही घाबरून उभी राहिली.

आणि त्या ४.७ सेकंदांत व्हिलानोव्हाच्या क्रिस जेनकिन्सनं तीन गुणांची बास्केट मारली. ७७-७४. खेळ खलास.

मी मनात म्हटलं, झालं. जग जेनकिन्सला लक्षात ठेवणार. पेजची ती बास्केट म्हणजे बुडीत खात्यात जमा केलेला शेवटचा हप्ता. खातं काही वाचलं नाही. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, कॅरोलायना अजिंक्यपद जिंकली, पण तोवर पेज कॉलेजातून बाहेर पडला होता. एनबीएमध्ये शार्लटकडून मोजके सामने मिळाले, मग युरोपात बेलग्रेडसारख्या शहरांत खेळला.

२०२३ साली आम्ही पुन्हा गेलो. त्याच दुकानात गेलो. मंडळी दोन कमी झाली होती, बाकीची तीच. आणि विषय काय? मार्कस पेजनं खेळणं थांबवलं आणि तो कॅरोलायनाच्याच संघाबरोबर खेळाडूंच्या जडणघडणीचं काम करायला परत आला. मी आपलं बँकेतलं डोकं चालवून म्हणालो, "पण एनबीएत त्याचं काही झालं नाही ना?"

दुकान गप्प झालं. न्हावी कात्री हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मग खुर्चीतल्या एका म्हाताऱ्यानं मला समजावलं, अगदी हळू, म्हणजे मला कळेल असं. तो म्हणाला त्याचा अर्थ इतकाच, की त्या रात्री माझा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. आम्ही दोघं कित्येक महिने एकमेकांशी धड बोललो नव्हतो. ती बास्केट पडली तेव्हा आम्ही एकमेकांना मिठी मारली. मग सामना हरलो. पण मिठी काही परत घेतली नाही.

मी त्यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यांनी मला एकेकाच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. टायलर हॅन्सब्रो हा चॅपेल हिलचा पन्नास नंबरचा खेळाडू. तीन वर्षांनंतर एनबीएत जाऊन पैसे मिळवता आले असते, पण चौथं वर्ष खेळायला थांबला आणि २००९ साली संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं. कॉलेजात २,८७२ गुण केले, त्यांच्या एसीसी नावाच्या गटातला विक्रम. एनबीएत मात्र मधल्या फळीतला खेळाडू राहिला, नंतर चीनमध्ये खेळला. दुकानात कोणीही त्याला 'वाया गेला' म्हणालं नाही. ते म्हणाले, "तो थांबला." बस्स. एवढंच प्रमाणपत्र.

त्याच्याआधी तो विक्रम होता ड्यूकच्या जेजे रेडिकचा, २,७६९ गुणांचा. हा शत्रुपक्षाचा. विरोधी कॉलेजांच्या पोरांनी त्याचा फोन नंबर मिळवून रात्री-अपरात्री फोन करून शिव्या घातल्या होत्या. पण तो पुढे एनबीएत पंधरा वर्षं टिकला, २०२१ मध्ये निवृत्त झाला. त्याचं नाव निघालं तेव्हा फिक्या निळ्या टोपीतला एक म्हातारा म्हणाला, "आयुष्यात मी ज्यांना सर्वांत जास्त शिव्या दिल्या त्यांत त्याचा पहिला नंबर. आता त्याची आठवण येते." मंडळी, आपल्या सर्वसाधारण सभेत एकमेकांना जे जे बोललो, त्यांपैकी काही जण आज हयात नाहीत. ते वाक्य ऐकताना मला आपली बी विंगच्या लिफ्टवरून झालेली २००८ ची सभा आठवली. ज्यांच्याशी मी तेव्हा भांडलो त्यांच्या खुर्चीकडे आजही नजर जाते.

टिम डंकनचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. सेंट क्रॉई बेटावरचा हा मुलगा मुळात पोहणारा. १९८९ च्या वादळात बेटावरचा मोठा तलाव उद्ध्वस्त झाला, म्हणून बास्केटबॉलकडे वळला. चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आई कर्करोगानं गेली. तिला वचन दिलं होतं की पदवी पूर्ण करीन. वेक फॉरेस्ट हे त्याचं कॉलेज, आमच्या मुलाच्या घरापासून दीड-दोन तासांवर. एनबीए लाखो डॉलर घेऊन दारात उभी असताना त्यानं चारही वर्षं पूर्ण केली, १९९७ मध्ये मानसशास्त्राची पदवी घेतली आणि मग पहिल्या क्रमांकानं निवडला गेला. सॅन अँटोनिओच्या एकाच संघात एकोणीस वर्षं, पाच अजिंक्यपदं. आणि २०१६ च्या जुलैत निवृत्त झाला तेव्हा पत्रकार परिषद नाही, सत्कार दौरा नाही. संघानं एक पत्रक काढलं, संपलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोबी ब्रायंटनं शेवटच्या सामन्यात ६० गुण करून जगाचा निरोप घेतला होता, गाजावाजात. कोबीला कॉलेज कधी मिळालंच नाही, तो शाळेतून थेट व्यवसायात. त्या जुलैत दुकानात यावर बराच वाद झाला, कोण मोठा म्हणून. पण वेक फॉरेस्टचा एक जण होता, तो वादात पडला नाही. तो म्हणाला, "आमच्याकडे तो चार वर्षं राहिला." त्याला त्याचंच कौतुक.

एक गोष्ट मला बँकवाला म्हणून फार आवडली. चॅपेल हिलचे प्रशिक्षक डीन स्मिथ. १९६१ ते १९९७, छत्तीस वर्षं एकाच संघाचे प्रशिक्षक, ८७९ विजय. मायकेल जॉर्डन यांच्याच हाताखालचा. त्यांची एक पद्धत होती, की घरच्या मैदानावरच्या वर्षातल्या शेवटच्या सामन्यात सुरुवातीला शेवटच्या वर्षाची मुलं उतरवायची, त्यात चारही वर्षं बाकावर बसलेलं पोरगंसुद्धा. आई-वडील प्रेक्षकांत, आणि त्या पोराचं नाव वीस हजार लोकांसमोर पुकारलं जायचं. २०१५ मध्ये स्मिथ वारले. नंतर त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे त्यांच्या संघातून खेळलेल्या सुमारे १८० माजी खेळाडूंना पोस्टानं प्रत्येकी २०० डॉलरचा चेक आला. निरोप असा, की माझ्यातर्फे बाहेर जेवायला जा. मी लगेच गुणाकार केला, साधारण छत्तीस हजार डॉलर. पण हिशेबातली गंमत ती नाही. अब्जाधीश झालेल्या जॉर्डनला जेवढे, तेवढेच मिनिट-दोन मिनिटं खेळणाऱ्यालाही. मी आयुष्यभर व्याजाचे दर, ग्रेड, स्लॅब यांत काढलं. सर्वांना सारखी रक्कम, हा हिशेब मला कधी सुचला नसता.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगायची की नाही हे मी काल रात्रीपर्यंत ठरवलं नव्हतं.

मी नागपूरला शाखेत अधिकारी असताना आमच्याकडे एक क्लार्क होता. त्या काळी बँका खेळाडूंना नोकरी देत, तसा लागलेला. विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेला, उंच, शांत. गुडघा गेला तसं खेळणं सुटलं आणि तो पूर्ण वेळ कॅश काउंटरवर आला. आम्ही पदवीधर, परीक्षा देऊन लागलेले. आमच्यात त्याच्याबद्दल एक वाक्य ठरलेलं होतं : "तो काय, खेळातून लागलाय." चहाच्या वेळी हसून बोलायचो. त्याला ऐकू जात असणार. काउंटर काही फार लांब नव्हता.

त्याचा गोपनीय अहवाल मी दोन वर्षं लिहिला. दोन्ही वर्षी 'साधारण'. त्याची कॅश कधी एक रुपयानं चुकली नाही, तरी साधारण. कारण मला तो साधारण वाटायचा. त्याला अधिकारी व्हायचं होतं, ते झालं नाही. सगळं माझ्यामुळेच असं नव्हे. पण माझ्या दोन सह्या त्यात आहेत.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी तो निवृत्त झाला तेव्हा मी नेमका तपासणीच्या कामानं नागपुरात होतो. सेंड-ऑफला मलाच बोलायला लावलं. मी पाच मिनिटं बोललो. वक्तशीर, मनमिळाऊ, कॅश चोख, उर्वरित आयुष्य सुखसमाधानाचं जावो. शाल, श्रीफळ, सामोसा, वेफर. शाखेच्या दाराशी तीन-चार वयस्क माणसं उभी होती. मला वाटलं पेन्शनर असतील, पासबुक भरायला आलेले. कार्यक्रम संपल्यावर ती पुढे आली. एकाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना फोटो होता, बनियनवरच्या बारा पोरांचा. ते त्याच्या कॉलेजच्या वेळचे बघे. खेळाडूसुद्धा नव्हेत, मैदानाच्या कट्ट्यावर बसून ओरडणारे. पंचतीस-चाळीस वर्षांपूर्वीचा कुठला तरी सामना त्यांना मिनिटामिनिटानं आठवत होता. त्यातला एक त्याला म्हणाला, "भाऊ, तुला आठवतं का, तू डाव्या हातानं टाकला होता!" आणि आमचा तो साधारण क्लार्क हसला. इतक्या वर्षांत मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मला गाडी गाठायची होती. मी फोटो न पाहताच निघालो.

दोन वर्षांनी तो गेल्याचं कळलं. आणि २०२३ मध्ये, सातासमुद्रापलीकडे, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून खुर्चीत बसलेलो असताना, "एनबीएत त्याचं काही झालं नाही ना?" असं जेव्हा मी विचारलं, तेव्हा मला स्वतःचाच आवाज ओळखू आला. हा तोच आवाज, 'साधारण' लिहिणारा.

आपण माणसाची किंमत तो शेवटी कुठं पोचला यावरून करतो. कोणत्या स्केलला निवृत्त झाला, मुलगा कुठं आहे, फ्लॅट किती स्क्वेअर फुटांचा. चाहत्याचा हिशेब वेगळा असतो. तो विचारतो, आमच्यात होता तेव्हा कसा होता? मी स्वतः तिसऱ्या स्केलच्या वर गेलो नाही. याचं मला बरीच वर्षं वाईट वाटायचं, हे आज उघड सांगतो. आता तितकं वाटत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि मग चहा. पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सहावा विषय आहे : सी विंगमागची बास्केटबॉलची रिंग काढून तिथं चार गाड्यांचं पार्किंग करणे. ही रिंग पहिल्या कमिटीनं वर्गणीतून बसवली. दुपारी चेंडूचा आवाज होतो, झोप होत नाही, अशी पहिली लेखी तक्रार सोसायटीच्या फाइलमध्ये आहे. तिच्यावरची सही माझी आहे. पार्किंगची अडचण खरी आहे, मीही जाणतो. माझ्याच जावयाला येताना गाडी गल्लीच्या टोकाला लावावी लागते. सभेनं काय ठरवायचं ते सभा ठरवील.

पण गेल्या महिन्यात अमेरिकेहून कोणी सुट्टीवर आलं होतं, आपल्याच ए विंगमध्ये वाढलेला मुलगा, आता चाळिशीचा. बायकोला आणि पोरीला घेऊन तो त्या रिंगखाली उभा होता. मी गॅलरीतून पाहत होतो. त्यानं वर बघून हाक मारली, "काका, आठवतं का, तुम्ही आमचा चेंडू जप्त केला होता?" मी म्हटलं, आठवतं. तो म्हणाला, "त्या दिवशी आम्ही डी विंगला हरवत होतो!"

स्कोअर काय होता, तेही त्यानं सांगितलं.

तेव्हा माझी ती जुनी तक्रार मी आज सर्वांसमक्ष मागे घेतो. सेक्रेटरी साहेब, तसं लेखी पत्र आणलं आहे, पोच द्यावी. आणि तो चेंडू अजून माझ्या माळ्यावर आहे. हवा गेली आहे, पण आहे. तरुण मंडळींपैकी कोणी भाषणानंतर वर येऊन काढून न्यावा; मला आता स्टुलावर चढवत नाही.